मूठ आवळायला नव्हे, उघडायला शिकवा

घरात कुणाच्या अंगावरून वारं गेलं की सुरुवातीला सगळं लक्ष जीव वाचण्याकडे असतं. दवाखाना, स्कॅन, नळ्या, बिलं, रात्रीच्या पाळ्या. मग एक दिवस डॉक्टर घरी न्यायला सांगतात. गोळ्यांची यादी मिळते, रक्तदाब तपासत राहा म्हणतात, आणि निघता निघता एक वाक्य कानावर पडतं, “व्यायाम करून घ्या.” कुठला व्यायाम, कसा, किती, कशाला जपायचं, हे बसून समजावायला गर्दीच्या ओपीडीत कुणाला वेळ नसतो. घरी भेटायला येणाऱ्यांपैकी कुणीतरी रबरी चेंडू आणून देतं. “दाबत राहा, हातात ताकद येईल.” माणूस मनापासून दाबत राहतो. काही आठवड्यांनी हात छातीशी ओढला जातो, मनगट आत वळतं, अंगठा तळव्यात शिरतो आणि त्यावर बोटं घट्ट मिटतात.

ज्यांच्या घरी असा हात आहे त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. या हाताला आधी उघडायला शिकवा. धरण्याची ताकद पुष्कळदा थोडीफार परत येते. सोडणं मागे राहतं, आणि जो हात सोडू शकत नाही त्याला नवीन काही धरताही येत नाही. पाण्याचा पेला घ्या. भरलेल्या साध्या पेल्याचं वजन पाव किलोच्या आसपास, म्हणजे तो उचलायला फार जोर लागत नाही. पण त्याच्याभोवती बोटं बसवायची तर मूठ आधी सहा-सात सेंटिमीटर उघडावी लागते आणि पाणी पिऊन झाल्यावर पेला खाली ठेवून बोटं सोडवावी लागतात. अडतं ते इथे. म्हणून मेहनतही इथेच हवी.

हात असा का होतो हे समजलं की त्याच्याशी वागायचं कसं हेही समजतं. मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा गुठळीमुळे बंद होतो किंवा रक्तवाहिनी फुटून रक्तस्राव होतो. मेंदूच्या डाव्या बाजूला इजा झाली तर उजवं अंग जातं आणि उजव्या बाजूला झाली तर डावं. हाताच्या, विशेषतः बोटांच्या, बारीक हालचालींसाठी मेंदूत बरीच मोठी जागा राखलेली असते. त्यामुळे पुष्कळ जण काठी घेऊन चालायला लागतात, पण हात मागे राहतो. पायाला शरीराचा भार पेलता आला तरी चालण्यापुरतं काम भागतं. हाताला मात्र प्रत्येक बोट वेगळं हलवावं लागतं.

सुरुवातीला हात बहुधा लुळा असतो. उचलून सोडला तर धप्पकन खाली पडतो. पुढे काही आठवड्यांत पुष्कळांचा हात ताठरू लागतो. डॉक्टर याला स्पास्टिसिटी म्हणतात. कुठलाही स्नायू ताणला गेला की पाठीच्या कण्यातली मज्जारज्जू त्याला आखडायचा हुकूम देते. ही रचना आपल्या सगळ्यांच्याच शरीरात आहे. निरोगी माणसात मेंदू त्यावर सतत वचक ठेवून असतो. गुरुजी बाहेर गेल्यावर वर्गाचं जे होतं तेच अर्धांगवायूनंतर या स्नायूंचं होतं. वचक गेला की जरा धक्का लागताच ते आखडतात. हात जितक्या झटक्यात ओढाल तितका तो जास्त घट्ट होतो, सावकाश न्याल तर पुष्कळदा ऐकतो. ही एक गोष्ट पक्की लक्षात ठेवली तरी घरातल्या निम्म्या चुका टळतील. ताठर हाताशी घाई करायची नाही.

ताठरपणावर वेळीच लक्ष दिलं नाही तर दुसरी अडचण उभी राहते. सतत मिटलेल्या अवस्थेत राहिलेला स्नायू खरोखरच आखूड होतो आणि सांधा धरतो. मज्जारज्जूच्या हुकुमामुळे आखडलेला हात गोळ्यांनी, इंजेक्शनने, सवयीने सैल होऊ शकतो. आखूड होऊन बसलेला स्नायू आणि धरलेला सांधा औषधाला दाद देत नाही, तिथे कधी कधी शस्त्रक्रियेपर्यंत जावं लागतं. म्हणून दवाखान्यातून घरी आल्यापासून रोज, न चुकता, हात पूर्ण उघडला गेला पाहिजे.

आता त्या चेंडूबद्दल. ताकदीचा व्यायाम केला की ताठरपणा वाढतो अशी समजूत पूर्वी जाणकारांमध्येही होती. नंतरच्या अभ्यासांत ती टिकली नाही. म्हणजे ताकद कमावण्यात वाईट काही नाही. ज्याची बोटं आपली आपण उघडतात, पण पकड कमजोर आहे, त्याला थेरपिस्ट चेंडू देतीलही. पण ज्याची मूठ मिटलेलीच आहे त्याला दिवसभर चेंडू दाबायला लावून काय साधणार? मिटवणारे स्नायू आधीच राबताहेत. दुबळे पडलेत ते मनगट वर उचलणारे, बोटं सरळ करणारे आणि अंगठा बाहेर काढणारे. चेंडू दाबताना नेमकं त्यांनाच काही काम मिळत नाही.

मिटलेली मूठ उघडायची कशी? बहुतेक घरांत बोटांची टोकं धरून एकेक बोट ओढलं जातं. त्याने दुखतं, हात आणखी घट्ट होतो आणि पुढच्या वेळी माणूस हात पुढेच करत नाही. रीत वेगळी आहे. माणसाला खुर्चीत नीट बसवा, पाय जमिनीला टेकलेले असू देत. समोर टेबल, त्यावर उशी आणि उशीवर कोपरापासूनचा हात. दोन मिनिटं नुसता हात धरून बसा, बोला, श्वास शांत होऊ द्या. मग मनगट हलकेच आणखी आत, तळव्याच्या दिशेने वाकवा. हे उलटं वाटेल, पण बोटं मिटवणाऱ्या स्नायूंच्या दोऱ्या मनगटावरून जातात. मनगट आत वाकलं की त्या सैल पडतात आणि बोटांची पकड आपोआप ढिली होते. आता अंगठ्याचं टोक न धरता त्याच्या मुळाशी असलेला मांसल भाग धरा आणि अंगठा सावकाश बाजूला काढा. अंगठा बाहेर आला की निम्मं काम झालं. मग दुसऱ्या हाताने बोटं मुळापासून टोकाकडे हळूहळू उलगडा. बोटं सरळ धरून ठेवा आणि मगच मनगट वर आणायला लागा. हाताने विरोध केला की तिथेच थांबा. मागे खेचू नका, पुढे रेटू नका, नुसतं धरून ठेवा. मनात वीस-तीस आकडे मोजेपर्यंत स्नायू जरा सैल होतो आणि थोडं पुढे जाता येतं. ताण जाणवावा, कळ येऊ नये. चेहऱ्याकडे बघत राहा. बोलणं गेलेल्या माणसाचं दुखणं कपाळावरच्या आठीतून कळतं.

मूठ उघडली की तळवा बघा. बंद मुठीत घाम साचतो, कातडी ओलसर पांढरी पडते, वास येतो, नखं रुतून जखमा होतात. कोमट पाण्याने तळवा धुवा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करा, नखं कापा आणि मऊ सुती कापडाची सैल गुंडाळी हातात ठेवा म्हणजे नखं टोचणार नाहीत. पाणी किती गरम आहे हे स्वतःच्या हाताने तपासा. त्या हाताला स्पर्श आणि ऊन-थंड कळत नसण्याची शक्यता असते. गरम पाण्याच्या पिशवीने, तव्यावर तापवलेल्या कापडाने शेकताना भाजून फोड येतात आणि माणसाला ते जाणवतही नाही.

हात आखडलेला असताना खांदा विसरू नका. लुळा हात खाली लोंबत राहिला तर त्याच्या वजनाने खांद्याचा सांधा निसटू लागतो. तो हात धरून माणसाला उठवणं, काखेत हात घालून वर ओढणं, कुशीवर वळवताना मनगटाला हिसका देणं, हे सगळं बंद करा. उठवताना कंबरेला आणि पाठीला आधार द्या. बसलेला असताना हात उशीवर असू दे. सदरा किंवा ब्लाउज घालताना आधी अधू हात बाहीत घाला आणि काढताना तो शेवटी काढा. छताला दोरी आणि कप्पी लावून चांगल्या हाताने अधू हात वर ओढण्याचा व्यायाम अजूनही काही ठिकाणी सांगतात. त्याने खांदा दुखावतो, तो करू नका. गळ्यात झोळी बांधून हात दिवसभर छातीशी दुमडून ठेवू नका, कारण ज्या अवस्थेत हात अडकू नये असं आपल्याला वाटतं तीच ती अवस्था आहे. चालताना आधार म्हणून झोळी लागली तर तेवढ्यापुरती वापरा. हाताला सूज येऊन कातडी लालसर चकचकीत दिसू लागली आणि खांद्यापासून बोटांपर्यंत आग होऊ लागली, तर थांबू नका, डॉक्टरांना दाखवा. हे वेळेवर कळलं तर आटोक्यात येतं.

मूठ उघडून देणं हे घरच्यांचं काम झालं. यापुढचं काम मात्र माणसाने स्वतः करायचं आहे. एडवर्ड टाउब नावाच्या अमेरिकी शास्त्रज्ञाने माकडांवरच्या प्रयोगांत एक गोष्ट पाहिली. एका हाताच्या संवेदना नेणाऱ्या नसा कापल्यावर माकड तो हात वापरणं सोडून देतं. पण चांगला हात बांधून ठेवला की तेच माकड सोडून दिलेला हात पुन्हा वापरायला लागतं. हातात थोडी क्षमता उरलेली होती, पण चांगल्या हाताने काम भागतंय म्हटल्यावर ती वापरण्याची सवयच मोडली होती. माणसाचंही असंच होतं. सुरुवातीला चार-सहा वेळा प्रयत्न फसतो, पेला सांडतो, घरचे म्हणतात, “राहू द्या, आम्ही देतो.” हळूहळू मेंदू त्या हाताला हिशेबातूनच वगळतो.

याच विचारावर बेतलेल्या उपचाराची एक्साइट नावाची मोठी चाचणी अमेरिकेत झाली. तिचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. अर्धांगवायू होऊन तीन ते नऊ महिने झालेले २२२ रुग्ण तिच्यात होते. त्यांतल्या एका गटाने दोन आठवडे जागेपणीचा बहुतेक वेळ चांगल्या हातावर मोजा चढवून ठेवला आणि अधू हाताने रोज तासन्‌तास कामं केली. त्यांच्या हातात झालेली सुधारणा वर्षभरानंतरही टिकून होती. मात्र मनगट आणि बोटं थोडीतरी आपली आपण उचलू शकणारेच रुग्ण या चाचणीत घेतले होते. म्हणून घरच्या घरी कुणाचा चांगला हात बांधू नका. तोल गेला तर धरायला तोच हात असतो. थेरपिस्टच्या सल्ल्याशिवाय हा प्रयोग नको. पण त्यातलं तत्त्व प्रत्येक घराने उचलण्यासारखं आहे. जे काम अधू हाताला थोडंतरी जमतं ते त्याच्याकडून काढून घेऊ नका.

हात पुन्हा शिकतो तो आवृत्तीने. तबल्यावर हात बसायला रोज तोच बोल किती वेळा वाजवावा लागतो हे शिकणाऱ्याला ठाऊक असतं, इथेही सुटका नाही. काही पुनर्वसन केंद्रांमधल्या थेरपीच्या प्रत्यक्ष सत्रांची पाहणी २००९ साली प्रसिद्ध झाली. एका सत्रात हाताने खऱ्याखुऱ्या कामाच्या हालचाली सरासरी फक्त ३२ वेळा झाल्याचं तीत आढळलं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत मेंदूत बदल दिसायला याच्या कितीतरी पट, शेकड्यांनी आवृत्त्या लागल्या होत्या. म्हणजे आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपिस्ट येऊन गेले आणि बाकी पाच दिवस हात मांडीवर पडून राहिला, तर फार अपेक्षा ठेवता येत नाही. थेरपिस्टने वाट दाखवायची आणि चालायचं घरात.

त्यासाठी महागडी यंत्रं लागत नाहीत. हात अजिबात हलत नसेल तर तो मदतनीस म्हणून वापरा. लिहिताना कागद दाबून धरायला, जेवताना ताटाची कड धरायला, टेबलावर पोळपाट स्थिर ठेवायला तो तिथे असू दे. टेबलावर नॅपकिन पसरा, त्यावर अधू तळवा उघडून ठेवा, वर चांगला हात ठेवा आणि पुढे-मागे पुसा. कोपर सरळ होतं आणि तळवा पसरलेला राहतो. बोटं आधी उलगडून मग छातीसमोर दोन्ही तळवे नमस्कारासारखे जोडा आणि कोपरं सावकाश बाहेरच्या बाजूला न्या. मनगटाला आणि बोटांना नेमका हवा तसा ताण मिळतो. देवापुढे रोज हात जोडणाऱ्याला हा व्यायाम वेगळा सांगावाही लागत नाही.

थोडी हालचाल असेल तर सोडण्याचा सराव करा. वाटीतलं लिंबू उचलायचं आणि दुसऱ्या वाटीत सोडायचं. उचललं की मोजू नका, सोडलं की मोजा. बोटं सुटत नसतील तर मनगट किंचित खाली वाकवून सोडून बघा, पुढे मनगट सरळ ठेवून. लिंबू जमलं की सुपारी, मग राजमा, मग हरभरे. स्वयंपाकघरात वावरलेल्या बाईला कणीक मळू द्या, उघड्या तळव्याने कणकेवर दाब देताना मनगट वर उचललं जातं. मटार सोलणं, धान्य निवडणं, रुमालाच्या घड्या घालणं, कपड्यांना चिमटे लावणं, हे सगळे हाताचे उत्तम व्यायाम आहेत. शेतकऱ्याला दोरी वळू द्या, शिंप्याला कापडाची घडी सारखी करू द्या. ज्या कामात त्या माणसाचं आयुष्य गेलं त्या कामाकडे हात लवकर वळतो आणि माणूसही कंटाळत नाही. एका बैठकीत दमवू नका. दहा-पंधरा मिनिटं, मग विश्रांती, असं दिवसातून चार-पाच वेळा.

आरशाचाही उपयोग होतो. तमिळनाडूत जन्मलेले मेंदूशास्त्रज्ञ विलयनूर रामचंद्रन यांनी तुटलेल्या हाताच्या जागी होणाऱ्या वेदनांसाठी १९९०च्या दशकात आरशाची युक्ती वापरली. पुढे ती अर्धांगवायूच्या रुग्णांसाठीही वापरात आली. छातीच्या मधोमध उभा आरसा ठेवायचा, अधू हात त्याच्यामागे लपवायचा आणि चांगल्या हाताची मूठ उघडताना-मिटताना आरशात बघायचं. दोन्ही हात हलताहेत असं मेंदूला दिसतं. मागचा हातही तसाच हलवायचा मनापासून प्रयत्न करायचा. सगळ्यांना सारखा गुण येत नाही, पण खर्च एका आरशाचा आहे आणि काही रुग्णांना निश्चित फायदा होतो.

सुधारणा होतेय की नाही हे डोळ्यांनी रोज कळत नाही, म्हणून लिहून ठेवा. थेरपिस्टकडे डायनॅमोमीटर नावाचं पकड मोजायचं साधन असतं. मूठ दाबली की जोर किलोमध्ये दिसतो. महिन्या-दोन महिन्यांनी ते माप घ्या, दोन्ही हातांचं घ्या, कारण या आजारानंतर तथाकथित चांगला हातही थोडा कमजोर झालेला असतो. पण त्या आकड्याइतकंच घरचं मापही महत्त्वाचं आहे. एका मिनिटात किती लिंबं सोडली, अंगठा कुठल्या बोटापर्यंत पोहोचला, सदऱ्याचं बटण लावायला किती वेळ लागला. वहीत तारीख घालून नोंद करा. पहिले तीन महिने सुधारणा सर्वांत वेगाने होते, सहा महिन्यांपर्यंत बऱ्यापैकी होते आणि पुढे वेग मंदावतो. मंदावतो, थांबत नाही. सहा महिने उलटले म्हणून हात सोडून देऊ नका.

बरा चाललेला हात अचानक जास्त ताठरला तर आधी कारण शोधा. बद्धकोष्ठ, लघवीचा संसर्ग, ताप, पाठीवरची जखम, बोटात रुतलेलं नख, घट्ट कपडे, कुठेतरी होणारं दुखणं, कडाक्याची थंडी, मनावरचा ताण, यांपैकी कशानेही ताठरपणा वाढतो. आजारी माणसाला कधी ते सांगता येत नाही, हात सांगतो. मात्र ताठरपणाबरोबर नवी कमजोरी आली, तोंड वाकडं झालं किंवा बोलणं अडखळलं तर तो दुसरा झटका समजा आणि १०८ ला फोन करा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. त्या वेळात गावोगावच्या औषधवाल्यांकडे जाणं किंवा कबुतराचं रक्त चोळत बसणं म्हणजे हातात असलेला उपाय घालवणं आहे. मालिशने अंगाला बरं वाटतं, हलक्या हाताने जरूर करा. पण मेंदूतली गुठळी तेलाने किंवा रक्ताने विरघळत नाही.

औषधांबद्दल दोन गोष्टी. बॅक्लोफेन, टिझॅनिडीन यांसारख्या गोळ्या सगळ्या अंगाचा ताठरपणा कमी करतात, पण गुंगी येते, अशक्तपणा वाटतो. बॅक्लोफेन चालू असेल तर ते मनाने एकाएकी बंद करू नका. त्याने आकडी येण्यापर्यंत धोका संभवतो. डोस डॉक्टरच हळूहळू उतरवतात. फक्त मनगट आणि बोटंच घट्ट असतील तर बोटुलिनम टॉक्सिनचं इंजेक्शन थेट त्या स्नायूत देतात. काही दिवसांत स्नायू सैल पडतो आणि परिणाम साधारण तीन महिने टिकतो. इंजेक्शन महाग आहे आणि ते हात चालवत नाही, चालवायला संधी देतं. ते तीन महिने व्यायाम केला नाही तर पैसे गेले म्हणून समजा. स्प्लिंटचंही, म्हणजे हात ठरावीक स्थितीत धरून ठेवणाऱ्या पट्टीचंही, तसंच. हात चांगल्या स्थितीत ठेवायला ती उपयोगी पडते, पण रात्री स्प्लिंट बांधली आणि दिवसा हात हलवलाच नाही, तर नुसत्या स्प्लिंटने आखूडपणा थांबत नाही. स्प्लिंट काढल्यावर कातडीवर लाल वण राहतो का, हे रोज पाहा.

फिजिओथेरपिस्टबरोबर ऑक्युपेशनल थेरपिस्टचंही नाव विचारा. हाताकडून रोजची कामं करून घेणं हे त्यांचं खास शिक्षण असतं. आपल्याकडे या शिक्षणाची परंपरा जुनी आहे. अमेरिकेत जन्मून निंबकर घराण्यात आलेल्या कमला निंबकरांनी १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपीची भारतातली पहिली शाळा सुरू केली. मुंबईतच हाजी अलीला १९५५ पासून केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे. तिथे थेरपी होते, स्प्लिंटही बनवतात. वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत आणि जिल्हा रुग्णालयांत चौकशी करा. अधूपण ४० टक्के किंवा अधिक ठरलं तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, मिळतं, त्यावर सरकारी सवलतींना अर्ज करता येतो. यात कमीपणा काही नाही. हा हक्क आहे, घ्या.

शेवटचं सांगणं माणसांबद्दल आहे. अर्धांगवायूनंतर अनेकांना नैराश्य येतं आणि घरचे त्याला आळस समजतात. माणूस रडतो, चिडतो, व्यायाम टाळतो, तेव्हा रागावण्याआधी डॉक्टरांशी बोला, त्यावर उपचार आहेत. उजवं अंग गेलेल्यांपैकी काहींचं बोलणंही जातं. त्यांना समजत नाही असं धरून त्यांच्यासमोर बोलू नका, हालचाल करून दाखवा, ते करतील. डावं अंग गेलेल्यांपैकी काहींना आपली डावी बाजूच जाणवत नाही. त्यांना “हाताकडे बघा” अशी सारखी आठवण करून द्या. घरातली सून, मुलगी किंवा बायको एकटी हे सगळं करत असेल तर बाकीच्यांनी वेळा वाटून घ्या. सकाळी एकाने मूठ उघडावी, संध्याकाळी दुसऱ्याने लिंबं मोजावीत. आजी-आजोबांबरोबर वाट्यांचा खेळ खेळायला नातवंडं आनंदाने बसतात. बाई स्वतः आजारी पडली असेल तर तिच्या व्यायामाची वेळ तितकीच कसोशीने पाळा. घरकामाला उपयोगी पडण्यापुरतं नव्हे, तिचा हात तिला परत मिळावा म्हणून.

तुमच्या ओळखीत असा हात असेल तर भेटायला जाताना फळं न्या, पण अर्धा तासही घेऊन जा. त्या अर्ध्या तासात घरच्या माणसाला बाहेर चक्कर मारून येऊ द्या आणि तुम्ही आजारी माणसासमोर बसून वाटीतली लिंबं मोजा. झटका येऊन वर्ष-दोन वर्षं झाली असतील तरी या आठवड्यात तो हात एकदा जाणकार थेरपिस्टकडून तपासून घ्या. अजून किती उघडू शकतो हे हात प्रत्यक्ष पाहिल्यावरच कळतं. तपासण्याआधी “आता काय होणार” असं म्हणून बसू नका.